शाखा आणि तिचे दप्तर

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन नगरांत राहून वृत्तपत्रे, आकाशवाणी, जाहिरात, जनसंपर्क, भाषांतर आणि मुद्रण या व्यवसायांत उपजीविका करणाऱ्या काही स्त्रियांनी, आपल्या संघटनेच्या स्थानिक शाखांच्या कार्याचे परीक्षण कोणत्या कसोट्यांनी व्हावे आणि त्यांतील उत्कृष्ट शाखांचा गौरव कोणत्या रीतीने करावा, याचा विचार करणारी ही पुस्तिका दीड वर्षाच्या खटाटोपाने सिद्ध केली आहे. तिला प्रस्तावना लिहिण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले, ते मुद्रितशोधनाच्या मेजावर माझी एकतीस वर्षे गेली आणि ती सर्व वर्षे मी डोंबिवलीहून गाडीने जाऊन-येऊन काढली, एवढ्याच कारणास्तव, हे मी जाणून आहे. मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना एक वळण लागलेले असते. छापल्या गेलेल्या मजकुरातील चूक तर त्यांना दिसतेच, परंतु मूळ हस्तलिखितात असून छापताना सुटलेल्या ओळीकडे ते त्याहूनही आधी वळतात. स्त्रियांच्या सार्वजनिक कार्याचा इतिहास मी याच डोळ्यांनी वाचीत आले आणि त्यात सुटलेल्या ओळी इतक्या आढळल्या, की शाखांच्या गौरवाचा प्रश्न माझ्या दृष्टीने प्रथमपासूनच नोंदीचा, म्हणजे दप्तराचा, प्रश्न होऊन बसला.

शाखा हा शब्द आज पतपेढी, बँक आणि राजकीय पक्ष यांच्या संदर्भात आपण इतका वापरतो, की एकीकडे मूळ खोड आणि दुसरीकडे त्याच्या आज्ञेत वागणारी फांदी, असेच चित्र मनापुढे उभे राहते. आणि मग उत्कृष्ट शाखा म्हणजे मध्यवर्ती कार्यालयाचे परिपत्रक मुदतीत अमलात आणणारी, वर्गणीचा भरणा वेळेवर करणारी आणि वरिष्ठांच्या दौऱ्यात उणे न पडू देणारी शाखा, असा समज सहजच रूढ होतो. आपल्या परंपरेत मात्र या शब्दाला याहून जुना आणि मानाचा अर्थ आहे. वेदाची शाखा म्हणजे वेदाचा तुटलेला अंश नव्हे. एका गुरुपरंपरेने आपल्या पाठभेदांसह आणि आपल्या पठणरीतीसह सांभाळलेला तो वेदच होय. ऋग्वेदाच्या एकवीस शाखा असल्याचे पतंजलीने महाभाष्यात नमूद केले आहे, आणि त्यांपैकी अखंड पठणात आजवर टिकली ती मुख्यतः एक शाकल शाखा. बाकीच्या शाखांना टाळे ठोकण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता; त्यांचे पाठक एकामागून एक गेले, नवे पाठक सिद्ध झाले नाहीत, आणि एका पिढीत कोणाच्या ध्यानातही न येता ती ती शाखा नाहीशी झाली. स्थानिक शाखेकडे पाहताना मला हा अर्थ जवळचा वाटतो. ठाण्याच्या शाखेत व्यवसायाचे संपूर्ण ज्ञान नांदले पाहिजे, कल्याणच्या शाखेतही ते संपूर्णच नांदले पाहिजे, केवळ त्याचा उच्चार त्या त्या नगराचा असावा. आणि ते ज्ञान पुढच्या मुखी गेले नाही, तर फलक कितीही ठळक अक्षरांत लटकत असला तरी शाखा संपली असेच समजावे.

या शाखांच्या बैठका बहुधा रविवारी दुपारी भरतात, कारण इतर सहा दिवस त्यांच्या सभासदांचे नसतातच. त्या रविवारचे ऋण शोधीत गेले की आपण ठाण्यालाच येऊन पोहोचतो. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ठाण्यात १८४८ साली झाला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ पत्र पुढे १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईत चालविले, आणि त्या पत्राच्या व गिरणी-कामगारांच्या सभांच्या बळावर आठवड्याच्या सुट्टीची मागणी त्यांनी लावून धरली. १८९० च्या एप्रिलच्या २४ तारखेस मुंबईत जी प्रचंड सभा भरली तिला सुमारे दहा हजार कामगार जमले होते. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि आज डोंबिवलीच्या एखाद्या शाळेच्या वर्गात बाके सरकवून वर्तुळाकार बसणाऱ्या बारा-पंधरा जणींना जी दुपार लाभते, ती त्या मान्यतेच्या पदरातून आलेली आहे. त्या सभेत व्यासपीठावर चढून दोन स्त्रियांनी भाषणे केली होती. ध्वनिक्षेपक नसताना, दहा हजारांच्या समुदायापुढे, घरात आणि गिरणीत ज्यांच्या बोलण्याची कोणी वाट पाहत नव्हते अशा दोन कामकरी स्त्रियांनी आपले म्हणणे मांडावे, ही महाराष्ट्राच्या संवादव्यवहारातील केवढी थोर घटना! परंतु त्या कोणत्या गिरणीतल्या, कोणत्या खात्यातल्या, त्यांनी आपले म्हणणे कोणत्या शब्दांत मांडले, हे विचारू गेल्यास मजूर-चळवळीचे इतिहासग्रंथ माझ्या हाती ठेवतात ते ‘दोन स्त्रिया’ एवढे दोनच शब्द. सुटलेली ओळ मी म्हणते ती ही. योगायोगाची गोष्ट अशी की, हेच ‘दीनबंधु’ पत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पती वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर, तानुबाई बिर्जे यांनी स्वतः संपादक होऊन चालविले. त्यांचे नाव राहिले, कारण ते अंकावर छापलेले होते.

कल्याणच्या वाट्याला याच्या अगदी उलट दाखला आला आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्या कन्या. ३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. त्यांची वैद्यकीय पदवी आणि त्यांचे अकाली निधन सर्वश्रुत आहे, म्हणून त्यात मी शिरत नाही. मला येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या पत्रव्यवहाराविषयी. त्यांचे पती गोपाळराव यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडच्या एका नियतकालिकात छापून आले, न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या ते वाचनात आले, त्यांनी अनोळखी हिंदी मुलीस उत्तर धाडले, आणि या एका टपालाच्या धाग्यावर पुढची सारी यात्रा उभी राहिली. परदेशगमनाविषयी लोकापवाद उठला तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात जाहीर व्याख्यान देऊन आनंदीबाईंनी आपली बाजू स्वतःच्या तोंडाने मांडली. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीने समाजाशी प्रत्यक्ष बोलण्याचा तो निर्णय होता. हे सर्व आपल्याला इतक्या तपशिलाने ठाऊक आहे, कारण पत्रे जपली गेली, आणि १८८७ साली त्या गेल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १८८९ मध्ये, काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहून काढले. एका स्त्रीच्या कार्याची नोंद दुसऱ्या स्त्रीने वेळेवर घेतली. पहिली स्वतः बोलली आणि दुसरीने ते मांडून ठेवले, आणि स्थानिक शाखेचे प्रयोजन मला विचाराल तर याहून निराळे काही मी सांगू शकणार नाही.

या नगरांतील व्यावसायिक स्त्रीचे आयुष्य ज्याने पाहिलेले नाही त्याला या पुस्तिकेतील निम्मा मजकूर उमगणार नाही, म्हणून गाडीविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यास थांबली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. तेव्हापासून ही नगरे मुंबईची अंगणे झाली, आणि अंगणात राहणाऱ्यांनी दिवस घरात काढून रात्री निजण्यापुरते बाहेर यावे तशी आमची स्थिती झाली. ठाणे ३४ किलोमीटर, कल्याण ५४. जलद गाडीने कल्याणहून तासभर आणि धीम्या गाडीने त्याहून बरेच अधिक. १ जुलै १९९२ रोजी मध्य रेल्वेने कल्याण ते मुंबई अशी केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू केली, तेव्हा माझ्याच डब्यातील एका ज्येष्ठ बाईंनी गाडीला वाहिलेला हार मी पाहिला आहे. त्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, भिशीचे पैसे मोजले जातात, हे वर्णन पुष्कळांनी केले आहे; त्याच डब्यात चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून मजकुराच्या प्रती तपासल्या जातात, जाहिरातीचा मसुदा शेजारणीला वाचून दाखविला जातो, ‘अनुज्ञप्ती’ला लोकांना कळेल असा कोणता शब्द वापरावा यावर मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत वाद चालतो, याचे वर्णन मात्र फारसे कोणी केलेले नाही. या शाखांपैकी एकीचा तर जन्मच अशा वादातून झाला. सात वर्षे एकाच डब्यात बसणाऱ्या पाच जणींना एके दिवशी ध्यानात आले, की आपण पाचही जणी शब्दांवरच पोट भरतो आणि तरी एकमेकींची आडनावे आपल्याला ठाऊक नाहीत. पुढच्या रविवारी त्या प्रथमच जमिनीवर, स्थिर बसून, भेटल्या.

आता जी गोष्ट मी लिहिणार आहे ती या प्रस्तावनेत यावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला; परंतु ती वगळून कसोट्यांविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी, येथे नाव घेण्याचे प्रयोजन नाही अशा एका संस्थेने, आपल्या सर्वोत्कृष्ट शाखेला फिरती ढाल देण्यासाठी तीन परीक्षक नेमले आणि त्यांत माझी नेमणूक झाली. आमच्यापुढे नऊ शाखांचे अहवाल आले. एका शाखेचा अहवाल गुळगुळीत कागदावर, रंगीत वेष्टनात, चाळीसेक छायाचित्रांसह; वर्षभरात बावीस कार्यक्रम, प्रत्येकास नामांकित पाहुणा, प्रत्येक पाहुण्यास शाल आणि श्रीफळ. दुसऱ्या एका शाखेने मात्र अहवाल म्हणून काही पाठविलेच नव्हते. दोनशे पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, कडांना दुमडलेली एक शालेय वही त्यांनी पाठवून दिली होती आणि सोबतच्या चिठ्ठीत, अहवाल लिहिण्यास सवड झाली नाही, तरी मूळ इतिवृत्तच पाठवीत आहोत, काम होताच परत करावे, कारण पुढची बैठक पहिल्या रविवारी आहे, एवढेच लिहिले होते.

आम्ही ती वही चाळली. चाळली हाच शब्द खरा आहे, आणि तो लिहिताना मला आजही खेद होतो. आम्ही तिघींनी ढाल बावीस कार्यक्रमांच्या शाखेला दिली. निकालानंतर वही परत करण्यासाठी माझ्याकडे आली, आणि तेव्हा, काहीसे अपराधी वाटून, एका रात्री मी ती पहिल्या पानापासून वाचावयास बसले. प्रत्येक नोंदीच्या आरंभी तिथी, जागा आणि हजर असलेल्यांची संख्या; पुढे दोन-चार ओळींत काम. एका दिवशी सात जणी आल्या होत्या, त्यांत दोन नव्या. नगरपालिकेने पाणीकपातीची जी सूचना काढली होती ती कोणालाच कळली नाही म्हणून सर्वजणींनी मिळून ती पुन्हा सोप्या मराठीत लिहिली आणि नळावर चिकटविली. दुसऱ्या दिवशी चारच जणी, पाऊस. वृत्तात चूक झाली असता चूकदुरुस्ती कोठे व किती ठळक छापावी यावर चर्चा. पुढे एके ठिकाणी, एका सभासदेचे भाषांतराचे मानधन अकरा महिने थकले असून तिला पत्राचा मसुदा करून दिल्याची नोंद, आणि तीन पानांनंतर, दुसऱ्या शाईत, ‘रक्कम मिळाली’ हे दोन शब्द. एका पानावर रात्रपाळीच्या सभासदांची यादी होती: कोण कोणत्या गाडीने परतते, स्थानकापासून कोणाबरोबर चालत जाते, आणि कोणाची सोबत अद्याप लागलेली नाही. त्या शेवटच्या रकान्यात एक नाव होते, ते पुढे खोडलेले होते, आणि खोडलेल्या नावासमोर दुसऱ्या एकीचे नाव सोबत म्हणून लिहिले होते. वर्षभरात तीन कार्यवाह बदलल्या होत्या. अक्षर बदलत होते, परंतु नोंदीची रीत बदलत नव्हती. जमाखर्च शेवटच्या पानांवर, कीर्दीप्रमाणे, पैपैसकट. पाहुणा एकही नव्हता.

वही वाचून संपली तेव्हा पहाट झाली होती आणि आम्ही काय केले होते ते मला कळून चुकले होते. ढाल परत मागता येत नाही. पुढल्या वर्षी मी परीक्षक होण्याचे नाकारले, हे माझ्या मनाचे समाधान. परंतु खरे पाहता मी परीक्षक राहून कसोट्या बदलण्याचा आग्रह धरावयास हवा होता. या पुस्तिकेच्या निमित्ताने ती राहिलेली बाकी मी चुकती करीत आहे.

कसोट्यांकडे येण्यापूर्वी स्थानिक शाखांची ही कल्पना आपल्याकडे आणि इतरत्र कशी रुजली ते थोडक्यात पाहणे उपयोगी ठरेल. १९०९ साली अमेरिकेच्या वायव्य टोकास, सिॲटलच्या विद्यापीठात, वृत्तपत्रविद्या शिकणाऱ्या सात विद्यार्थिनींनी ‘थीटा सिग्मा फाय’ या नावाने एक मंडळ काढले. त्या राज्यातील स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळण्यास तेव्हा एक वर्ष अवकाश होता. त्या सात जणींच्या मंडळाच्या शाखा नगरोनगरी निघाल्या, १९७२ मध्ये त्याने संवादव्यवसायातील समस्त स्त्रियांना कवेत घेणारे नवे नाव धारण केले, आणि त्याच्या कार्याचा भार प्रामुख्याने या स्थानिक शाखांनीच वाहिला. त्याच १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे कार्य आरंभिले, आणि त्याच्याही शाखा पुढे परगावी निघाल्या. १९२७ च्या जानेवारीत पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते आधी ठिकठिकाणी झालेल्या प्रांतिक परिषदांच्या पायावर. म्हणजे येथे शाखा आधी आणि खोड मागून, असा क्रम होता.

आमच्या व्यवसायापुरते बोलावयाचे तर मला सर्वाधिक आदर वाटतो तो मुंबईतील पत्रकार स्त्रियांच्या एका लहानशा समितीविषयी. बॉम्बे युनियन ऑफ जर्नलिस्ट्स या संघटनेअंतर्गत स्त्रिया आणि माध्यमे यांविषयीची एक समिती काम करीत असे. १९८७ च्या सप्टेंबरात राजस्थानातील देवराळा गावी रूपकुंवर सती गेल्याची वार्ता आली आणि देशभरची वृत्तपत्रे मतमतांतरांनी भरून गेली, तेव्हा या समितीच्या सभासद प्रत्यक्ष राजस्थानात गेल्या, त्यांनी लोकांना विचारले, वृत्तपत्रांनी काय छापले व काय छापले नाही ते पडताळले, आणि आपले निष्कर्ष पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. कोणत्याही मोठ्या संस्थेने त्यांना ते काम नेमून दिलेले नव्हते. स्थानिक मंडळाच्या सामर्थ्याचा हा वस्तुपाठ आहे, आणि त्याला कोणी ढाल दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढे २००२ साली देशातील अनेक नगरांच्या पत्रकार स्त्रियांनी एकत्र येऊन ‘नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया, इंडिया’ हे जाळे विणले, तेव्हा त्यांनी एखाद्या नगरास राजधानीचा मान देण्याऐवजी स्थानिक गटांनाच पाया मानले. वेदशाखेचा जो अर्थ मी वर सांगितला त्याच्याशी हे किती जुळते आहे!

साहित्यसंस्थांनी तर या विषयात आपल्यापुढे रीतच घालून ठेवली आहे. १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद आपल्या शाखांतील उत्तम कार्य करणारीस फिरता करंडक देते. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये निघालेली कोकण मराठी साहित्य परिषद तर आमच्या दारचीच, तिच्या शाखा ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत नांदत आहेत. डोंबिवलीने १९९९ पासून पाडव्याला जी स्वागतयात्रा काढली तिचे अनुकरण पुढे महाराष्ट्रभर झाले. म्हणजे गावोगावी पसरणारी प्रथा घालून देण्याची शक्ती या नगरांत आहे. म्हणूनच गौरवाची प्रथा घालताना ती विचारपूर्वक घातली जावी, एवढी काळजी मला वाटते.

पुस्तिकेच्या लेखिकांनी मांडलेल्या कसोट्यांपैकी बहुतेक मला मान्य आहेत. कार्यक्रमांच्या संख्येला त्यांनी जवळजवळ काहीच गुण ठेवलेले नाहीत, हे वाचून मला जो आनंद झाला त्याचे कारण वाचकांना आता वेगळे सांगावयास नको. अध्यक्षपद आणि कार्यवाहपद किती हातांतून फिरले, जमाखर्च सर्व सभासदांपुढे वाचला गेला की नाही, वर्षभरात नव्याने आलेल्यांपैकी किती जणी स्वतंत्रपणे एखादे काम पेलण्याइतक्या तयार झाल्या, हे त्यांचे प्रश्न मर्मावर बोट ठेवणारे आहेत. विशेषतः शेवटचा. एखादी शाखा एकाच कर्तबगार बाईच्या खांद्यावर वीस वर्षे उभी राहते, आणि लोक त्या बाईंचे कौतुक करतात तसेच शाखेचेही करतात; परंतु त्या बाईंचे गुडघे दुखू लागले की शाखेचे दार बंद होते. अशा बाईंचा व्यक्तिशः सत्कार अवश्य करावा, मी स्वतः पहिला हार घेऊन येईन. शाखेचा गौरव ही मात्र निराळी वस्तू आहे, आणि तिचा हक्क दुसऱ्या कार्यवाहाच्या अक्षरातही नोंदी चालू ठेवणाऱ्या वहीला आहे.

दोन ठिकाणी मात्र माझा मतभेद आहे. पहिला असा, की सर्व शाखांना एकच माप लावण्याची तरतूद पुस्तिकेत कायम ठेवली आहे. ठाण्याच्या शाखेला गडकरी रंगायतनासारखे सभागृह जवळ, देणगीदार जवळ, मुंबईची पाहुणेमंडळी अर्ध्या वाटेवर. खाडीपलीकडच्या किंवा रुळांच्या पूर्वेकडच्या नव्या वस्तीत निघालेल्या शाखेला बसावयास जागा मिळेपर्यंतच पहिले वर्ष सरते. अठरा लाखांहून अधिक वस्तीचे ठाणे आणि साडेबारा लाखांच्या आसपासची कल्याण-डोंबिवली, ही २०११ च्या खानेसुमारीची गणना. या एवढ्या पसाऱ्यात एकाच नगराच्या दोन टोकांची परिस्थितीही सारखी नसते, मग शाखांची कोठून असणार? प्रत्येक शाखेचे माप तिच्याच मागील वर्षाच्या वहीशी ताडून घ्यावे असे मला वाटते. आणि यासाठी अर्थातच मागील वर्षाची वही अस्तित्वात असावी लागते. दुसरा मतभेद गौरवसमारंभाच्या जागेविषयी. पुस्तिकेत तो मुंबईत, मध्यवर्ती कार्यालयाच्या वार्षिक सभेत, करावा असे सुचविले आहे. वर्षाचे तीनशे दिवस जिला मुंबईस जावे लागते तिला तिच्या मानाच्या दिवशीही पुन्हा त्याच गाडीत बसविणे मला योग्य वाटत नाही. निवड समितीने त्या शाखेच्या जागी यावे, तिच्या नेहमीच्या रविवारी, नेहमीच्या बाकांवर बसावे, त्या दिवसाची बैठक नेहमीप्रमाणे होऊ द्यावी, आणि इतिवृत्ताच्या वहीत गौरवाची नोंद आपल्या हाताने करावी. शाल नको, श्रीफळही नको. ढाल द्यावयाचीच असेल तर तिच्यासोबत एक जबाबदारी जावी: गौरविलेल्या शाखेने पुढील वर्षभर एका नव्या किंवा मोडकळीस आलेल्या शाखेला आपल्या दोन सभासद द्याव्यात, आणि त्या दोघींनी तेथे जाऊन नोंदी कशा ठेवावयाच्या ते शिकवावे.

आणखी एक सूचना मी लेखिकांना तोंडी केली होती. त्यांनी ती परिशिष्टात घेतली आहे, तरी येथे तिचा उच्चार करते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. १८६६ मध्ये ठाण्यात ‘अरुणोदय’ पत्र निघाले तेव्हापासून या जिल्ह्यात छापल्या गेलेल्या मजकुराला जपणारी घरे येथे आहेत, परंतु स्त्रियांच्या मंडळांचे हस्तलिखित दप्तर बहुधा कार्यवाहांच्या घरी, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत राहते, आणि घर बदलताना प्रथम तेच रद्दीत जाते. प्रत्येक शाखेने दर वर्षाअखेरीस आपल्या वहीची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात दाखल करावी आणि पोच घ्यावी. आणि पोच नसलेल्या शाखेचा गौरवासाठी विचारच होऊ नये, अशी अट परीक्षकांनी घालावी. कोणी म्हणेल, हे फार कठोर झाले. परंतु दहा हजार माणसांपुढे बोललेल्या त्या दोघींना मी जेव्हा जेव्हा आठवते, तेव्हा ही अट मला कठोर वाटत नाही.

ही प्रस्तावना लिहिण्यास बसले तेव्हा ती दोनशे पानी वही पुन्हा पाहावी असे मनात आले आणि त्या शाखेचा ठावठिकाणा मी शोधून काढला. शाखा आजही भरते. ती वही त्यांच्याजवळ आहे. तिच्यापुढच्या अकरा वह्याही आहेत. त्यांच्या विद्यमान कार्यवाहांनी पहिली वही मला आठ दिवसांसाठी दिली, आणि या वाचनात, पूर्वी माझ्या ध्यानात न आलेली एक गोष्ट दिसली, ती अशी, की उपस्थितांची संख्या प्रत्येक नोंदीत असली तरी नावे बहुतेक ठिकाणी नुसती पहिली आहेत: मंदा, शैला, दोन वेगवेगळ्या सुनीता. वही परत करताना मी त्यांना पत्र लिहिले, की यापुढे हजेरी घेताना प्रत्येकीचे नाव आडनावासह, आणि ती कोणते काम करते त्यासह, पूर्ण लिहून घ्यावे. आणि मागील वह्यांतील मंदा, शैला व दोन्ही सुनीता यांपैकी ज्या हयात आहेत त्यांना विचारून ती नावे शाईने पुरी करावीत. गेल्या सोमवारी त्यांचे उत्तर आले. एका सुनीतेचा पत्ता लागला आहे. दुसरीचा शोध चालू आहे.

डोंबिवली, रविवार